गिरगावची पंगत

चर्नी रोड स्थानकावर पूर्वेच्या अंगाला उतरून ठाकूरद्वाराच्या नाक्याकडे चालू लागले, म्हणजे मुंबईतील मराठी माणूस गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत घराबाहेर कोठे जेवला, कशासाठी जेवला आणि कोणाच्या मांडीला मांडी लावून जेवला, याचा बहुतेक सारा इतिहास त्या थोडक्या वाटेत पायांखालून जातो. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, मुगभाट, बोरभाट ही येथील वस्त्यांची नावे ज्या काळी पडली, त्या काळी येथे खरोखरच बागा आणि शेते होती. पुढे एकोणिसाव्या शतकात शहर कोटाच्या तटाबाहेर पसरले, बागा तोडून चाळी उठल्या, आणि जेथे अन्न पिकत होते तेथे ते शिजवून विकले जाऊ लागले. गिरगावात कोठे जेवावे, असे विचारणाऱ्या पाहुण्याला चार पाट्यांची नावे सांगून वाटेला लावता येते, आणि तशी ती मी पुढे सांगणारही आहे. परंतु ही जेवणाची ठिकाणे मुळात कोणासाठी निघाली हे ध्यानी घेतल्यावाचून तेथील ताटाची गोडी निम्मीच कळते, अशी माझी धारणा आहे. गिरगावातील बाहेरचे जेवण घर नसलेल्यांच्या गरजेतून जन्मास आले, आणि म्हणूनच घराच्या जेवणासारखे दिसण्याची, घराचेच नियम पाळण्याची पराकाष्ठा ते दीर्घकाळ करीत राहिले.

पैसे मोजून परक्याच्या हातचे शिजलेले अन्न खाणे ही गोष्ट त्या काळच्या पांढरपेशा हिंदू गृहस्थाला किती अवघड होती, याची कल्पना आज सहजासहजी येत नाही. प्रवासास निघायचे ते शिदोरी बांधून. शिदोरी सरली तर धर्मशाळेत शिधा घेऊन तीन दगडांची चूल मांडायची. परगावी मुक्काम पडला तर स्वजातीय आप्ताचे घर शोधायचे. आणि यांतले काहीच न साधले तर फळांवर व दुधावर वेळ निभवायची, असा सर्वमान्य रिवाज होता. पुण्यास १८९० साली पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली, एवढ्या निमित्ताने केवढे वादळ उठले, शंकराचार्यांच्या वतीने चौकशी कशी बसली आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषालाही शेवटी प्रायश्चित्त कसे घ्यावे लागले, हे सर्वश्रुत आहे. ज्या समाजात चहाच्या एका पेल्याने ग्रामण्य उभे राहते, त्या समाजातील तरुण नोकरीच्या शोधात मुंबईस येऊन एकटे राहू लागले, तेव्हा त्यांनी जेवावे कोठे, हा प्रश्न पोटाइतकाच धर्माचाही होता.

आणि हे तरुण थोडेथोडके नव्हते. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले येथील बंदरांतून पडावांनी आणि पुढे आगबोटींनी जे कोकण मुंबईस उतरले, ते मुख्यत्वेकरून पुरुषांचे कोकण होते. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे स्त्रिया केवळ सव्वापाचशेच्या आसपास आढळल्या, ही एकच गोष्ट खाणावळींच्या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. कोटातील सरकारी दफ्तरांत, व्यापारी पेढ्यांत, रेल्वेच्या कचेऱ्यांत, छापखान्यांत कारकुनी वा जुळारीची चाकरी मिळाली, तरी त्या तनख्यात बिऱ्हाड थाटणे साधत नसे. बायको गावी सासूसासऱ्यांजवळ राही, वर्षाकाठी शिमग्याला किंवा गणपतीला तिची भेट होई, आणि येथे चाळीतील एका खोलीत पाच-सहा इसम आपापल्या वळकट्या भिंतीशी टेकवून राहत. अशा खोलीत चूल मांडण्यास जागा नाही, मांडली तर ती फुंकण्यास सवड नाही, आणि फुंकली तर पदार्थ करण्याचे ज्ञान नाही, अशी तिहेरी अडचण होती. १८९६ साली प्लेगने शहराची दाणादाण उडवली, त्यापाठोपाठ १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन दाट वस्त्यांतून नवे रस्ते काढण्याचे काम सुरू झाले. पण एकट्या पुरुषांचा ओघ साथ ओसरताच पूर्ववत झाला, किंबहुना वाढला.

गिरगावातील खाणावळी या माणसांच्या आधाराने उभ्या राहिल्या. त्यांतील कित्येकींना पाटीसुद्धा नव्हती. चाळीतील दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत चूल, बाहेरच्या खोलीत आठ-दहा पाट, आणि चालवणारी एखादी विधवा बाई किंवा गावाकडून आलेले एखादे कष्टाळू दाम्पत्य, एवढ्यावर हा व्यवहार सुरू होई. पतीच्या मृत्यूनंतर ज्या स्त्रीला सासरी थारा नाही आणि माहेरी मान नाही, तिला पदरच्या मुलांसह स्वाभिमानाने जगता येईल असा मार्ग त्या काळी फारच विरळा होता. स्वतःच्या हातांचे जे एकमेव कौशल्य समाजाने तिला शिकवले होते, त्यावर तिने परक्यांच्या मुलांना जेवू घालून आपली मुले शिकवली. मुंबईतील मराठी मध्यमवर्गाच्या जडणघडणीत या बायकांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांची नावे कोठल्याही दफ्तरात नोंदलेली नाहीत, याची मला फार खंत वाटते. त्यांच्या चुलीवर वाढलेले कित्येक विद्यार्थी पुढे वकील, शिक्षक आणि संपादक झाले.

खाणावळीची शिस्त मोठी पाहण्यासारखी असे. नियमाने जेवणाऱ्यास 'मेंबर' म्हणत, आणि त्याचा महिन्याचा हिशेब पगाराच्या पहिल्या आठवड्यात चुकता होई. गावी जायचे किंवा कोणाकडे जेवायचे झाले तर आधी वर्दी द्यावी लागे, तरच तो 'खाडा' वहीत मांडला जाऊन पैसे वजा होत. न सांगता गैरहजर राहणाऱ्याचे ताट वाढले गेले असेच समजले जाई. सकाळची पंगत कचेरीची वेळ साधून नवाच्या सुमारास बसे, आणि धुतलेल्या धोतराचा सोगा सावरीत, घड्याळाकडे एक डोळा ठेवून माणसे पंधरा मिनिटांत भात, आमटी, एक कोरडी भाजी, एक पातळ भाजी किंवा उसळ, दोन-तीन पोळ्या, लिंबाची फोड, चटणी आणि शेवटी ताकभात असे जेवण उरकून ट्रामच्या दिशेने लगबगीने निघून जात. रात्रीची पंगत त्या मानाने सैल असे. तीत गावाकडची पत्रे, पावसाची बातमी, नोकरीच्या जागा आणि लग्नाची स्थळे यांचा विनिमय होई. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, चतुर्थीला रात्री मोदक, आणि रविवारी दुपारी 'फीस्ट', म्हणजे श्रीखंड, बासुंदी किंवा जिलबी. फीस्टला पाहुणा आणायचा तर त्याचे जादा पैसे आगाऊ द्यावे लागत. पोट भरेपर्यंत वाढायचे हा बहुतेक खाणावळींचा दस्तूर होता, आणि महागाईच्या काळातही वाढपी भाताचे भांडे घेऊन दुसऱ्यांदा समोर येई, तेव्हा 'पुरे' म्हणण्याचा अधिकार जेवणाऱ्याचाच असे. या एका गोष्टीत खाणावळ ही हॉटेलापेक्षा अन्नछत्राला जवळची होती.

येथवर जे वर्णिले ते प्रेमाने वर्णिले. परंतु या पंगतीची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या खाणावळी सर्वांसाठी नव्हत्या. पाटीवर 'ब्राह्मणांची' असे स्पष्ट लिहिणे हे त्या काळी स्वच्छतेचे आणि विश्वासाचे प्रमाणपत्र मानले जाई; दादरला १९१० साली निघालेले मामा काणे यांचे उपाहारगृहदेखील आरंभी 'दक्षिणी ब्राह्मणाचे स्वच्छ उपाहारगृह' म्हणूनच ओळखले जात होते. मराठ्यांच्या खाणावळी वेगळ्या, सारस्वतांच्या वेगळ्या, आणि त्यांतही घाटावरचा आणि कोकणातला असे पोटभेद. ज्यांना अस्पृश्य मानले गेले, त्या हजारो कष्टकऱ्यांना यांपैकी कोठल्याच पंगतीत पाट नव्हता. हॉटेलात गेले तर त्यांच्यासाठी दाराबाहेर वेगळा पेला टांगलेला असे. घराच्या जेवणाची हुबेहूब प्रतिमा उभी करण्याच्या आग्रहात घरातील पावित्र्याबरोबर घरातील अन्यायही ताटासोबत वाढला गेला, हे आपण मान्य केले पाहिजे.

ही भिंत प्रथम खिळखिळी केली ती इराण्याच्या चहाने. यझ्द आणि केरमान भागातून आलेल्या इराणी मंडळींनी, हिंदू व्यापारी जी कोपऱ्यावरची दुकाने अशुभ समजून टाळीत असत ती घेऊन, संगमरवरी माथ्याची टेबले आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मांडल्या. गिरगावच्या दक्षिण टोकाला, धोबीतलावावर, १९०४ सालचे कयानी आणि उत्तरेस ग्रँट रोड स्थानकासमोर १९१४ सालचे बी. मेरवान ही त्यांची नामांकित उदाहरणे होत. तेथे बनमस्का आणि ब्रून पाव यांच्यासमवेत चहा घेणाऱ्यास सहसा कोणी जात पुसत नसे. पैसा टाकावा, खुर्ची घ्यावी आणि वर्तमानपत्र वाचीत बसावे. पाटावर सोवळ्याने जेवणारा कारकून दुपारच्या सुट्टीत या टेबलाशी कोण जाणे कोणाच्या शेजारी बसू लागला, आणि सुधारकांच्या व्याख्यानांनी जे सावकाश घडत होते ते भुकेने आणि सोयीने त्वरेने घडवले. याचा अर्थ व्याख्याने आणि चळवळी निष्फळ होत्या असा मात्र नाही. १९४० च्या आगेमागे अनंत हरी गद्रे यांनी मुंबईत 'झुणका-भाकर सत्यनारायण' सुरू केले, ज्यांत पूजेस दलित दाम्पत्य बसे आणि प्रसाद म्हणून सर्वांना एकत्र झुणका-भाकर मिळे. जातिभेदाचे मर्म अन्नात आहे हे त्यांनी अचूक ओळखले होते. पुढे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने सार्वजनिक उपाहारगृहांत जातीवरून मज्जाव करण्यास प्रतिबंध केला आणि १९५५ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला, तेव्हा पाटीवरील जातीची अक्षरे पुसली गेली. पंगतीतून ती पुसली जाण्यास आणखी अवधी लागला.

मधल्या काळात गिरगावचे रूप पालटत होते. चाकरमान्यांचे पगार थोडे वाढले, बिऱ्हाडे झाली, बायकामुले कोकणातून आली, आणि ज्यांच्यासाठी खाणावळ अपरिहार्य होती त्यांच्या घरी चूल पेटू लागली. याच सुमारास गिरगाव हे करमणुकीचे केंद्र बनले. सँडहर्स्ट रोडवरील कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, आणि १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलू लागला. नाटकाला, चित्रपटाला, गायनाच्या बैठकीला, केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून चालत आलेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाला आणि चौपाटीवरील सभांना येणारी माणसे पोटभर जेवणासाठी नव्हे, तर दोन घटका टेकून काही खाण्यासाठी जागा शोधत. खाणावळीच्या शेजारी उपाहारगृह उभे राहिले ते या गिऱ्हाइकासाठी. दुग्धमंदिर, आरोग्यभुवन, हेल्थ होम अशी नावे त्यांनी धारण केली, कारण बाहेरचे खाणे प्रकृतीस अपायकारक ही समजूत अजून दृढ होती आणि दुधाचा व आरोग्याचा निर्वाळा दिल्याखेरीज गृहस्थ आपल्या कुटुंबास घेऊन आत पाऊल टाकण्यास धजत नव्हता.

कुटुंबास घेऊन, हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. खाणावळीत स्त्री असे ती चुलीपाशी. पंगतीत ती कधीच नसे. उपाहारगृहात पडद्याआड का होईना, 'फॅमिली'साठी राखलेल्या कोपऱ्यात, ती प्रथमच दुसऱ्याने केलेला, दुसऱ्याने वाढलेला पदार्थ बसून खाऊ लागली. आयुष्यभर सर्वांच्या शेवटी, उरलेले, गार झालेले जेवणाऱ्या बाईच्या पुढ्यात कोणी तरी गरम साबुदाणा वडा आणून ठेवावा आणि उष्टी बशी कोणी तरी उचलून न्यावी, यात केवढे परिवर्तन साठवलेले आहे! समाजसुधारणेच्या इतिहासात शाळेला जे पान दिले जाते, त्याच्या समासात तरी या पडद्याआडच्या टेबलाला जागा मिळावी, असे मला मनापासून वाटते.

या उपाहारगृहांपैकी जी टिकली त्यांची नावे आता सांगतो. फणसवाडीच्या कोपऱ्यावरचे विनय हेल्थ होम १९४० सालचे. तेथील मिसळ कोल्हापुरी मिसळीच्या अंगाने जात नाही, तिखटाचा कडेलोट करीत नाही, आणि उसळीतील कडधान्याची चव फरसाणाखाली दडपू देत नाही, म्हणून ती मला श्रेष्ठ वाटते. साबुदाणा वडा खावा तो प्रकाशचा. त्यावर पणशीकरांकडे पियूष घ्यावे. श्रीखंडात ताक घुसळून, वर केशर, वेलदोडा आणि जायफळ घातलेले हे पेय उपवासाच्या दिवशीही चालते, या सोयीमुळेच त्याचा प्रसार झाला असावा. तिन्हीसांजेच्या गर्दीपूर्वी, चार वाजता, या क्रमाने फिरावे. आणि जवळच बी. तांब्यांकडे पानावर बसायचे असेल तर भुकेचा हिशेब आधीच करून ठेवावा.

मांसमत्स्याहारी गिरगावची गोष्ट निराळी आहे आणि तिला मी अधिक जागा देऊ इच्छितो, कारण तिचा गौरव कमी झाला आहे. या भागातील जुने रहिवासी पाठारे प्रभू. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० साली प्रसिद्ध झाले, त्यावरून त्या ज्ञातीचे पाकशास्त्र केवढे समृद्ध होते हे दिसते. पण ते पाकशास्त्र ग्रंथात उतरले, रस्त्यावरच्या पाटीवर सहसा उतरले नाही, कारण प्रभूंना मुंबईत घर होते. ज्यांना घर नव्हते त्या गोमंतकीय आणि मालवणी माणसांचे कालवण मात्र रस्त्यावर आले. खोताच्या वाडीत, पूर्वभारतीय ख्रिस्ती म्हणजे ईस्ट इंडियन कुटुंबांच्या लाकडी सज्जांच्या घरांच्या शेजारी, अनंताश्रम होते. शोभेची एकही वस्तू नसलेली ती खोली, फळ्यावर खडूने लिहिलेली त्या दिवसाची मासळी, आणि जेवण संपताच उठण्याची गिऱ्हाइकाकडून ठेवलेली अपेक्षा, या तिन्हींत खाणावळीची मूळ वृत्ती शाबूत होती. बाजारात त्या सकाळी जे ताजे मिळाले तेच शिजणार, संपले की फळ्यावरून पुसले जाणार. बांगड्याच्या हुमणाची, तिसऱ्यांच्या सुक्याची आणि सोलकढीची जी प्रत तेथे सातत्याने राखली गेली, तिचे कारण हा संयमच होय. साऱ्या वर्षभर एकच लांबलचक यादी पुरवण्याच्या हव्यासाने आजच्या मासळीच्या हॉटेलांचे जे नुकसान केले आहे, ते पाहिले म्हणजे त्या फळ्याची थोरवी कळते. अनंताश्रम आता बंद झाले आहे.

घर नसलेल्यांची हीच गरज गिरगावाबाहेर इतरत्रही खाणावळी घडवीत होती. माटुंग्यास दाक्षिणात्य कारकुनांच्या वस्तीत ए. रामा नायक यांनी १९४२ साली उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले आणि केळीच्या पानावर त्यांच्या गावचे जेवण वाढले; गिरणगावात कामगारांच्या बायका आणि विधवा घरोघर खाणावळी चालवीत, आणि त्यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले, तेव्हा मोजून मिळणाऱ्या तांदळात पोटभर वाढण्याचा जुना दस्तूर पाळताना खाणावळवाल्यांची फार ओढाताण झाली. राईस प्लेट, म्हणजे ठरावीक मापाचे ताट, मुंबईच्या अंगवळणी पडण्यास त्या टंचाईच्या वर्षांनी हातभार लावला, असे मी मानतो.

युद्धानंतर १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जागांची भाडी गोठवली, आणि त्या आश्रयाने गिरगावातील खाणावळी व उपाहारगृहे आणखी अर्धे शतक तगली. महिन्याकाठी नाममात्र भाडे असल्यावाचून चार रुपयांत पोटभर ताट देणे कोणालाच परवडले नसते. परंतु भाड्याने जागा वाचली, माणसे वाचली नाहीत. मुले मोठी झाली, दहा बाय बाराच्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, आणि गिरगावकर दादर, पार्ले, बोरिवली, डोंबिवलीकडे निघून गेले. कोकणातून येणारा नवा तरुणही आता गिरगावात उतरत नाहीसा झाला. पुनर्विकासात चाळी पडल्या, मेट्रो-३ च्या कामात जगन्नाथ शंकरशेट मार्गावरील जुन्या इमारती गेल्या, आणि त्यांच्या तळमजल्यावरील पाट्याही गेल्या. नव्या उत्तुंग इमारतींच्या तळाशी जी उपाहारगृहे येतात, त्यांना एकट्या माणसाचे मासिक खाते ठेवण्याची गरज नाही.

तरी वाड्यांच्या तोंडाशी अजून पोळीभाजी केंद्रे आहेत. संध्याकाळी कचेरीतून परतणाऱ्या स्त्रिया तेथे रांगेत उभ्या राहून आठ पोळ्या, पाव किलो भाजी, थोडी आमटी बांधून घेतात. आत पोळ्या लाटणाऱ्या बायकांपैकी कित्येकी आपल्या मिळकतीवर घर चालवतात. खाणावळीत माणूस घर नाही म्हणून येत असे. येथे घर आहे, माणसे आहेत, चूलही आहे, आणि ती पेटवण्याचा भार एका बाईच्या खांद्यावरून उतरून दुसऱ्या बाईच्या रोजगारात जमा झाला आहे. गिरगावात जेवायला येणाऱ्या पाहुण्याने उपाहारगृहांच्या फेरीनंतर अशा एका केंद्रातून दोन पोळ्या, मटकीची उसळ आणि लसणाची चटणी अवश्य घ्यावी. सातनंतर गेल्यास उसळ बहुधा संपलेली असते.